पालकांच्या विनंतीवरून

मुख्याध्यापकांनी प्रवेशाचं रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. "सावकाश बघा बाई," ते म्हणाले. "परतीची बस साडेतीनला आहे. तोवर काही घाई नाही."

आकडेबाईंनी चष्मा पुसला. शिक्षण कार्यालयात सगळे त्यांना याच नावाने हाक मारत. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. जिल्ह्यातल्या तेवीस सरकारी हायस्कुलांचा तुलनात्मक तक्ता करायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रम लावायचा, हे काम एकवीस वर्षं त्यांच्या गळ्यात होतं. तक्ता लागला की पहिल्या शाळेचा सत्कार व्हायचा, शेवटच्या शाळेला खरमरीत पत्र जायचं. यंदा मात्र पत्रावर भागणार नव्हतं. शेवटची शाळा बंद करायचं वरून ठरलं होतं. त्याआधी आकड्यांची खातरजमा हवी, म्हणून साहेबांनी बाईंना पाठवलं होतं. दोन बस बदलून, दुखरे गुडघे सांभाळत त्या टेकडीवरच्या या शाळेत पोचल्या होत्या.

आकडे बरोबर होते. दहावीला बसलेली मुलं एकतीस, पास झालेली तेरा. तेवढ्यावर रजिस्टर मिटता आलं असतं. पण बसला अवकाश होता आणि नुसतं बसून राहण्याची बाईंना सवय नव्हती. नापास झालेल्या अठरा जणांची नावं त्यांनी एकेक करून शोधायला घेतली. पहिला मुलगा नववीत दाखल झालेला, खालच्या बाजारगावच्या शाळेतून. दुसरी मुलगीही तिथलीच. तिसराही. बाजारगावची शाळा म्हणजे तक्त्यातली पहिली शाळा. तिथे वर्षानुवर्षं एकही मूल नापास होत नव्हतं.

अठरापैकी चौदा जण तिथून आलेले निघाले. आधीची शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात चौदाही वेळा एकच ओळ होती: पालकांच्या विनंतीवरून.

बाईंचं बोट त्या ओळीवरून हलेना. बारा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः अशाच एका अर्जावर सही केली होती. त्यांच्या धाकट्याला वाचताना अक्षरं लागत नसत. बाजारगावच्या त्याच शाळेतल्या सरांनी त्यांना बोलावून घेतलं, गोड बोलून बसवलं आणि तयार अर्ज पुढे सरकवला. मुलाच्या भल्यासाठीच, असं ते म्हणाले होते. दुसऱ्या शाळेत तो रमलाच नाही. दहावीच्या आधीच त्याने दप्तर टाकलं. आता तो फ्रिज दुरुस्त करतो, बरं चाललंय. पण त्या वेळी बाईंनी शेजारपाजारी काहीबाही सांगून वेळ मारून नेली होती. सगळ्या जिल्ह्यात आपलंच पोर तेवढं असं, या समजुतीत त्यांनी बारा वर्षं मान खाली घालून काढली. आणि दर वर्षी त्याच शाळेचं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने पहिल्या ओळीत लिहिलं.

"तुम्ही घेता कशाला यांना?" त्यांनी विचारलं. "निकाल बुडतो, हे माहीत असून?"

मुख्याध्यापक खिडकीतून वळले. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला खडू लागला होता.

"दारात आई उभी असते, बाई. तिला काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी तक्त्याखाली चार ओळींचा शेरा लिहिला आणि चौदा नावं जोडली. साहेबांनी तो दोनदा वाचला. ते वाईट गृहस्थ नव्हते. थकलेले होते, इतकंच. तुमचं खोटं आहे असं मी म्हणत नाही, ते म्हणाले, पण तक्त्यात यासाठी रकानाच नाही. मी आखते, बाई म्हणाल्या. तेव्हा साहेबांनी कपाळ चोळलं आणि तक्ता तेवढा ठेवून घेतला.

संध्याकाळी तो टाईप होऊन आला, शेऱ्याशिवाय. 'तयार करणार' या शब्दांपुढची जागा त्यांच्या सहीसाठी रिकामी होती. बाईंनी कागद वाचला, पेनाला टोपण लावलं आणि पिशवी उचलून घरी गेल्या. सही दुसऱ्या कुणाची तरी झाली. पुढच्या आठवड्यात बाईंचं टेबल आवक-जावकला हललं. निवृत्तीला अकरा महिने उरले असताना त्या आल्यागेल्या पाकिटांवर शिक्के मारू लागल्या.

शाळा बंद झाली. मुलांची सोय बाजारगावी केली आहे, असं पत्र बाईंच्याच हातून जावक झालं. दोन महिन्यांनी मुख्याध्यापकांच्या बदलीचा कागद आला, तेव्हा त्यावर त्यांचा फोन नंबर होता. मधल्या सुट्टीत, डबा उघडायच्या आधी, बाईंनी फोन लावला. मुलं कुठे गेली, एवढंच त्यांनी विचारलं.

"यादी नाहीये हो आता माझ्याकडे," मुख्याध्यापक म्हणाले. "पण तोंडपाठ आहेत. सांगू?"

बाईंनी कोरा कागद ओढला. ते सांगत गेले. हा बाजारगावी गेला, पण आठवड्याभरात परत आला. ही घरीच आहे, आई कामावर जाते म्हणून धाकट्यांना सांभाळते. हे दोघे भाऊ वीटभट्टीवर. ही एकटी रोज दोन बस बदलून शिकतेय अजून. बाई कागदावर ना रेघा मारत होत्या, ना क्रमांक घालत होत्या. नाव आणि पुढे सर सांगतील ते, जसंच्या तसं.

सुट्टी संपली. काउंटरवर कुणीतरी पाकीट घेऊन उभं राहिलं. बाईंनी त्याला हाताने थांबायची खूण केली आणि कागद उलटा केला.

"हं, सर," त्या म्हणाल्या. "पुढचं नाव."