वायू आत येतोय की बाहेर

दुपारी चार वाजता रुमाना शेखच्या दीर्घिकेतला वायू उलटा वाहू लागला.

दीर्घिका पुण्यातल्या महासंगणकात होती आणि रुमाना नगरला, मुकुंदनगरच्या सासरच्या घरी, ओट्याशेजारी लॅपटॉप मांडून बसली होती. पारनेरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचं आणि उरलेल्या वेळात पीएचडी, असं तिचं चाललं होतं. विश्व अजून पोरवयात होतं तेव्हा एखाद्या अवाढव्य दीर्घिकेभोवती वायू कसा वाहत असेल, याचं सिम्युलेशन तिने हिवाळाभर चालवलं होतं. तिचं म्हणणं असं, की वायूचे थंड प्रवाह बाहेरून थेट आतपर्यंत पोचतात आणि त्यातूनच तारे घडतात. पडद्यावर आत येणारा वायू निळा, बाहेर जाणारा लाल. आजच्या चित्रात दीर्घिकेच्या कडेला निळं औषधालाही नव्हतं.

चित्र पाहून तिच्या मार्गदर्शक इंदू मॅडमचा लगेच फोन आला. "एवढा वायू बाहेर ढकलणार कोण? हे खरं असूच शकत नाही. म्हणजे सिम्युलेशनमध्येच घोळ दिसतोय."

"पुन्हा चालवता येईल?"

"आपल्या वाट्याचा वेळ संपत आलाय. उरलाय तो किरकोळ तपासणीपुरता. उद्या सकाळी बैठक आहे, शोधनिबंधात तुझा भाग ठेवायचा की काढायचा ते तिथे ठरेल. काढावा लागला तर प्रबंधातूनही जाईल, हे तुला सांगायला नको."

रुमानाने फोन ठेवला. समोर सासूबाई मुमताज इफ्तारीसाठी कलिंगड कापत होत्या.

"तोंड का उतरलंय? रोजा लागला?"

"नाही अम्मी. गॅसचा गोंधळ झालाय."

"कालच तर सिलिंडर बदललं."

रुमानाला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. तिने पुण्यात धवलला फोन लावला. तो तिच्याच गटातला, वयाने लहान. आकड्यांवरून चित्र काढणारी स्क्रिप्ट तो सांभाळायचा.

"स्क्रिप्ट ठणठणीत आहे, ताई. गेल्याच आठवड्यात सगळी साफसूफ केली. तुमचा डेटा आम्ही चौघांनी चालवून बघितला. चौघांनाही लालच दिसतंय."

चौघं म्हणतात म्हटल्यावर काय बोलणार? ती पुन्हा सिम्युलेशनमध्येच चूक शोधत बसली. मगरिबची अजान झाली तेव्हाही हाती काही नव्हतं. एक खजूर तोंडात टाकून तिने लॅपटॉप पुन्हा ओढला.

एकोणतिसावा रोजा होता आणि आभाळ अवकाळी ढगांनी भरलेलं. सासरे नूरुद्दीन मशिदीच्या चाँद कमिटीवर होते; आज चंद्र दिसल्याची खात्री झाली तर उद्या ईद, नाहीतर तिसावा रोजा. त्यांचा मोबाईल स्पीकरवर होता आणि पलीकडून मिरजगावचा टेम्पोवाला परवेझ बोलत होता.

"दिसला, चाचा. लई बारीक हुता, पन दिसला."

"बरोबर कोण होतं?"

"समदी हुती की. मी बोट दावलं, मंग समदी म्हनली, व्हय व्हय."

"म्हणजे तू एकटाच. तुझ्या बोटाकडे बघून हो म्हणणारे साक्षीदार धरत नाहीत, बाबा. तू न सांगता, आपल्या डोळ्यांनी कोणी पाहिला?"

"तसा न्हाई कोनी."

"मग उद्या रोजा ठेव."

"त्याला काय बोलता," मुमताज म्हणाल्या, "गेल्या साली तुम्हीच टॉवरच्या दिव्याला चाँद म्हणाला होता."

"म्हणूनच विचारतोय," नूरुद्दीन शांतपणे म्हणाले आणि त्यांनी भजं उचललं.

रुमानाचा हात कीबोर्डवर थांबला होता. चौघांनी पाहिलं होतं, पण एकाच स्क्रिप्टमधून. तिने धवलची स्क्रिप्ट बंद केली आणि कोरी फाइल उघडली. तिच्याकडे मुळातले आकडे होते. वायूचा प्रत्येक कण केंद्राच्या जवळ येतोय की लांब जातोय, एवढंच काढायचं होतं. विश्व प्रसरण पावतं, त्यामुळे कण जितका दूर, तितका त्याच्या वेगात बाहेरचा ओढा जास्त धरायचा. मात्र सिम्युलेशनमध्ये अंतरं आजच्या मापात नोंदलेली असतात, आणि त्या काळी विश्व आजच्या चौथ्या हिश्श्याएवढं होतं. म्हणून आधी चारने भागायचं. तिने भागलं.

चित्र निळं आलं. तीन जाड प्रवाह, तिन्ही आत शिरणारे.

तिने धवलची स्क्रिप्ट वरपासून खालपर्यंत वाचली आणि फोन लावला.

"धवल, चारने भागायची ओळ कुठेय?"

पलीकडे बटणांचा आवाज झाला आणि बंद पडला. "ती दोनदा दिसली, म्हणून एक काढली."

"ओळ एकच होती."

"दुसरी नुसती वाचणाऱ्यासाठी लिहिलेली टीप होती," तो हळूच म्हणाला. "संगणक टिपा वाचत नाही. मी खरी ओळ काढली आणि टीप ठेवली, ताई. म्हणजे ओढा चौपट झाला. मॅडमना तुम्ही सांगताय का मी सांगू?"

"तू सांग. आणि आता काही दिवस साफसूफ नको."

सिम्युलेशन शाबूत होतं. हिवाळा वाया गेला नव्हता. रुमानाने कपाळ टेबलावर टेकवलं. मुमताजनी तिच्यापुढे भज्यांची ताटली सरकवली. गार झाली होती, तरी तिने सगळी संपवली.

नवं चित्र पाहून इंदू मॅडमचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाजही सैल झाला होता. "तुझा भाग राहतोय. उद्या मीच मांडते." मग त्या थांबल्या. "खाली उजवीकडे ती लाल रेघ कसली?"

रुमानाने चित्र मोठं केलं. निळ्या प्रवाहाच्या पोटातून एक बारीक लाल धागा बाहेर निघाला होता. धवलची दुरुस्त स्क्रिप्ट चालवली, तर तिच्यातही तो होता, त्याच जागी.

"खरा आहे?"

"माहीत नाही, मॅडम."

"मग उरलेला वेळ त्यावर घाल. तेवढाच कोपरा बारकाईने पुन्हा चालव."

नूरुद्दीन तरावीहच्या नमाजाला निघाले तेव्हा तिने ते काम महासंगणकाकडे पाठवून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक सुरू झाली तेव्हा लाल धाग्याचं उत्तर आलं नव्हतं. महासंगणकावर तिच्या कामापुढे रांगेत आणखी सात कामं होती.