पितरांचा वाटा

आवडाबाईने ग्लास तिरका केला आणि मांडवाच्या खांबाशी जमिनीवर धार धरली. पिण्याआधी पितरांच्या नावाने चार थेंब शिंपडायचे, ही त्यांच्या घरची जुनी रीत. चार थेंब! आवडाबाईने निम्मा ग्लास ओतला.

“अगं आवडे, पितरं बुडतील!” तिचा भाऊ दामाजी बाटली हातात घेऊन हसला.

“बुडू देत. येतील तुझ्याच मागं.”

दामाजीच्या लेकीची, नंदाची, आज हळद होती. आवडाबाई तिची आत्या, आणि कळव्याच्या कोळीवाड्याची धवलारीण. हळदीची गाणी तिच्याच तोंडून ऐकायची, आणि धवलारणीने गाण्याआधी घोट घ्यायचा, हेही ठरलेलं. तरुणपणी तो घोटच होता. नवरा गेल्यावर घोटाचा ग्लास झाला आणि ग्लासाची बाटली. गेल्या साली शेजारच्या रघूच्या हळदीला तर गाता गाता तिला नवऱ्यामुलाचं नावच आठवेना. मग गाणंही आठवेना, आणि बाई मांडवातच आडवी झाली. पाहुणे खो खो हसले. नंदाने तिला उठवून घरी नेलं, तोंड धुतलं, पांघरूण घातलं. बोलली मात्र काहीच नाही. चार शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून आवडाबाई पिणं कमी करायचे उपाय आपले आपणच शोधत होती. विचारणार तरी कुणाला? मोठा ग्लास तिने माळ्यावर फेकला आणि प्यायला लोणच्याची छोटी वाटी घेतली. मासळी विकून परतताना गुत्त्याची गल्ली सोडून ती खाडीकडून लांबचा फेरा घ्यायची. तल्लफ आली की आधी भाकर-कालवण पोटभर खायची. आणि हा पितरांचा वाटा म्हणजे तिचा लाडका उपाय! दर खेपेला तो थोडा वाढायचा. नवऱ्याचं नाव घेऊन ती रागाने ओतायची, “घे गुणाजी, तुझं तूच पी.”

पण नंदाने आज मोहन्याहून जनीबाईला बोलावलं होतं. जनीबाईही धवलारीण. एका मांडवात दोन धवलारणी कशाला? म्हणजे पोरीचा आपल्यावर भरवसा उरला नाही. आणि ही जनीबाई, मेली, शेजारी ऐसपैस बसून स्टीलच्या ग्लासातून मजेत घोट घेत होती.

“घे गो, आवाज मोकळा होतो,” दामाजी म्हणाला.

उरलेला निम्मा ग्लास तिने तोंडापाशी नेला. वास नाकात शिरला आणि तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोला. समोर पाटावर बसलेली नंदा तिच्याकडेच बघत होती. आवडाबाईने डोळे मिटले आणि ग्लास खांबाशी पालथा केला.

मग तिने गायला तोंड उघडलं. पहिल्याच ओळीला आवाज चिरकला. दामाजीचा हात बाटलीकडे गेला. तेवढ्यात जनीबाईने खालच्या सुरात तीच ओळ धरली. नुसती धरून ठेवली. आवडाबाईचा आवाज चाचपडत तिच्यावर चढला, मोकळा झाला, आणि जनीबाई हळूच थांबली. नवरीचं नाव आलं, कुळातली सगळी नावं आली. एकही चुकलं नाही.

गाणं संपलं तेव्हा घसा कोरडा पडला होता. समोर दिसला तो जनीबाईचा ग्लास आवडाबाईने घाईत तोंडाला लावला. कोमट, कोरा चहा!

“हे काय गो?”

“चाय. दारू सोडली, त्याला लय वर्सं झाली. हातात भरला ग्लास असला म्हंजे कोन ओतायला येत नाय.”

“मग नंदानं तुला गायला...”

“गायला? तू असताना? आत्याच्या जोडीला बस म्हनली. एकटं वाटाया नको तिला.”

आवडाबाईने पदराने तोंड झाकलं. हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळेना.

“आत्ये, पुढचं गाणं!” पाटावरून नंदाने हळदीचा हात हलवला.

“गाते गो, जीव नको खाऊ माझा!”

तिने आपला रिकामा ग्लास पुसला आणि शेजारी सरकवला.

“आहे का अजून?”

जनीबाईने मांडीमागून थर्मास काढला. चांगला मोठा होता, दोघींना पुरेल एवढा.