डाव्या हाताने जेवणारी माणसं

धान निघालं की गोंडपिपरीच्या बाजाराच्या मैदानावर सिनेमाचा तंबू लागायचा. चौपन्न सालीही लागला. लांबोडका तंबू, मधोमध दोन बल्ल्यांना ताणलेला पांढरा पडदा. पडद्याच्या पुढच्या बाजूला पुरुष बसायचे आणि मागच्या बाजूला बायका. खेळ सुरू होण्याआधी मशीनवाला नूर मोहम्मद पडद्यावर बादलीने पाणी मारायचा. कापड भिजलं की चित्र आरपार जाई आणि मागच्या बायकांनाही स्वच्छ दिसे.

मागच्या बायकांची सिनेमाबद्दल काही मतं पक्की होती. पहिलं असं, की सिनेमातली माणसं डाव्या हाताने जेवतात. राजा असो की भिकारी, घास डाव्याच हाताने तोंडात जायचा. दुसरं, तिथल्या बायका पदर भलत्याच खांद्यावर घेतात. तिसरं, देवळाला प्रदक्षिणा घालतात ती उलटी, आणि लग्नात फेरे घेतात तेही उलटे. मग पुढे नवरा दारू पितो, सासू घराबाहेर काढते, मूल हरवतं, यात नवल ते काय? उलटे फेरे घेतल्यावर संसार टिकायचा कसा, असं त्या म्हणत आणि मन लावून रडत. सुरुवातीला अक्षरं येत, पण त्यांच्यात वाचता येणारी एकही नव्हती.

या सगळ्यांत मनकर्णाच्या शब्दाला वजन होतं. ती गोंडपिपरीहून दोन कोसांवरच्या गावात भावाकडे राहायची. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे. रडायची कधीच नाही. खेळ संपला की बायका तिच्याभोवती जमत आणि ती एकेक चूक सांगे. पावसात भिजत आलेल्या माणसाचे पाय कोरडे होते. चुलीवरच्या भाताला वाफ नव्हती. गरीब म्हणून दाखवलेल्या बाईच्या लुगड्याची घडी अजून मोडलेली नव्हती. मरणारा माणूस एवढा वेळ बोलत नाही, आमची माय मेली तेव्हा नुसतं पाणी मागितलं होतं. हे ती भाव खाण्यासाठी सांगत नसे. जे दिसलं ते सांगायची. मनकर्णाच्या नजरेतून काही सुटत नाही, असं गावात बोललं जाई, आणि ते खरंही होतं.

स्वतःच्या बाबतीत मात्र तिला काही मत नव्हतं. नवरा वारलू सहा वर्षांपूर्वी बांबू तोडायच्या कामावर म्हणून गेला तो परत आला नाही. चिठ्ठी नाही, निरोप नाही. पहिली दोन वर्षं ती वाट पाहायची. नंतर वाट पाहायची सवय तेवढी राहिली. दुखायचं कधी थांबलं हेही तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. दात काढल्यावर जीभ त्या खाचेत जाते आणि तिथे काही नसतं, तसं काहीसं.

थोरला भाऊ देवाजी याने त्या वर्षी तिच्यासाठी पोंभुर्ण्याकडचा एक माणूस पाहिला. लटारू त्याचं नाव, बायको वारलेली, बोलणं कमी. पाट लावायचा, म्हणजे बाईचं दुसरं लग्न करायचं, तर पंचांची परवानगी लागे. तीही मिळाली. सहा वर्षं खबर नाही, तर माणूस मेलाच धरायचा, असं पंच म्हणाले. मनकर्णाने एवढंच सांगितलं होतं, "तो मेला असन त करीन. जित्ता असन त नाई." मग पंच म्हणतात तर मेला असेल, असं म्हणून ती गप्प बसली. सोमवार ठरला.

लटारू पाहायला येऊन गेला त्या दिवशी भावजय भागीरथा तिला म्हणाली, "सिनेमातल्या परक्या माणसाच्या मिशीवर घटकाभर बोलते तू. अन् ह्या माणसाबद्दल तोंडातून शब्द नाई. कसा वाटला सांग तरी."

मनकर्णा म्हणाली, "चांगला आहे." त्याच्या मिशा आहेत की नाहीत हेही तिला नंतर आठवेना.

त्या सोमवारच्या आधीच्या बुधवारी घरचे सगळे बैलगाडीने तंबूला गेले. मुख्य चित्राआधी सरकारी बातम्यांचं चित्र दाखवत. त्यात कुठल्याशा धरणाचं काम चाललं होतं. डोक्यावर घमेली घेतलेल्या माणसांच्या रांगा गेल्या, मग दुपारची जेवणाची सुटी आली. मजूर मातीच्या ढिगावर बसून भाकर खात होते. त्यातला एक कॅमेऱ्याकडे पाहून हसला आणि ऊन लागतं म्हणून त्याने एक हात कपाळावर धरला. त्या हाताची शेवटची दोन बोटं अर्धी होती.

वारलूची दोन बोटं अशीच अर्धी होती. बांबू डाव्या हाताने धरून उजव्याने कुऱ्हाड मारताना तुटली होती. रक्त थांबवायला मनकर्णानेच राख दाबली होती.

चित्र दहा-बारा आकडे मोजून होतील तेवढाच वेळ होतं. तेवढ्यात तिने पाहायचं ते पाहिलं. कपाळावर धरलेला हात उजवा होता. भाकर डाव्या हातात होती. वारलूचा डावा हात तुटका, ह्याचा उजवा. हा तो नव्हे. मग मुख्य चित्र सुरू झालं आणि तिने ते शेवटपर्यंत पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यावर तणसाच्या पेंढ्या बांधता बांधता देवाजीने विषय काढला. तो पुढच्या बाजूला बसला होता.

"त्या धरणाच्या चित्रात एक माणूस होता. वारलूवानी."

"त्याचा उजवा हात तुटका होता," मनकर्णा म्हणाली. "वारलूचा डावा."

"उजवा?"

"उजवा. मी पाह्यला."

देवाजी थोडा वेळ हातातल्या पेंढीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "असन. तुले माह्यापेक्षा जास्त दिसते." आणि पुढच्या पेंढीला हात घातला.

बोलणं तिथेच संपलं. मात्र एक गोष्ट मनकर्णाच्या डोक्यात अडकून बसली होती, आणि ती हाताबद्दल नव्हती, भाकरीबद्दल होती. शहरातले श्रीमंत लोक डाव्या हाताने जेवतात हे तिने मान्य केलं होतं. त्यांचं सगळंच वेगळं. पण धरणावरचे ते मजूर? ते तर आपल्यासारखेच कुठल्याशा गावचे असणार. एवढ्या माणसांत एकही उजव्या हाताने जेवणारा नसावा?

शनिवारी देवाजीच्या एका बैलाच्या मानेला जू घासून जखम झाली होती. मनकर्णाने हळद तेलात कालवली आणि ती बैलाला लावू लागली. बैलाने मान झटकली. ती मागे सरकली आणि तोल सावरायला तिचा हळदीने भरलेला उजवा हात वाळत घातलेल्या देवाजीच्या ओल्या धोतरावर टेकला. पंजा जसाच्या तसा उमटला. कापड पातळ होतं. पुसता येईल का म्हणून ती दोरीच्या पलीकडे गेली, तर तिकडेही पंजा आला होता. पण अंगठा दुसऱ्या बाजूला होता.

मग तिने आपला उजवा हात त्या पंज्यावर ठेवून पाहिला. बसेना. डावा ठेवला. नीट बसला. अलीकडे येऊन पुन्हा उजवा ठेवला, तो बसला. असं तिने दोनदा करून पाहिलं. बैल तिच्याकडे पाहत रवंथ करत होता.

दुपारी ती बाजाराचं निमित्त काढून पायीच गोंडपिपरीला गेली. तंबूत नूर मोहम्मदची बायको खैरुन बायकांच्या बाजूची गवताची बैठक झटकत होती. बायकांच्या दारावर तीच बसायची, त्यामुळे ओळख जुनी. मनकर्णाने तिला सरळ विचारलं, मागून पाहिलं तर उजव्याचं डावं दिसतं का?

खैरुन हसली. "दिसतेच ना बाई. पूरा उलटा दिसते. तुमाले इतके साल मालूमच नवतं?"

मनकर्णाने तिला धरणाच्या चित्राबद्दल विचारलं. खैरुनने आत जाऊन नवऱ्याला विचारून आणलं. ते रीळ शुक्रवारीच नागपूरला परत गेलं होतं. धरण कुठलं ते त्याला ठाऊक नव्हतं. फिरत्या तंबूला जुन्याच बातम्या मिळतात. तेही वर्ष-दोन वर्षांपूर्वीचं असेल, असं तो म्हणाला. खैरुनने विचारलं, काऊन, कोणी ओळखीचं होतं का? मनकर्णाने मान हलवली. ती हो होती की नाही, हे खैरुनला कळलं नसावं.

परतीच्या दोन कोसांत तिने सगळं पुन्हा मांडून पाहिलं. हात डावा होता. भाकर उजव्या हातात होती. मांस चढलं होतं त्याच्या अंगावर, पूर्वी एवढं नव्हतं. आपल्याला रडू येतं का हेही तिने तपासलं. येत नव्हतं. फक्त देवाजीचं ते "उजवा?" तिला पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. भाऊ तर समोरून पाहत होता.

देवाजी खळ्यावरच होता. ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"भाऊ, तुले तिकून कोणता हात दिसला?"

देवाजीने पेंढी खाली ठेवली. "डावा," तो म्हणाला.

"मंग काऊन नाई बोलला?"

"तू म्हणली उजवा. मी म्हणलं, हिच्या नजरेपुढं आपली काय गत. आपलंच चुकलं असन. मंग त्या रात्री ध्यानात आलं, तू मांगं बसून राह्यली होती."

"रात्रीच?"

"हो. तवाही नाई बोललो. तू म्हणली होती, जित्ता असन त नाई." त्याने मान वर केली नाही. "सहा वर्षं पाहून राह्यलो तुले, मनकर्णा. मले वाटलं, चुकलं त चुकू दे."

धान्य टिपायला चिमण्या उतरल्या होत्या.

"तो हसून राह्यला होता," मनकर्णा म्हणाली. "तिकूनही हसतच होता ना?"

"तिकूनही."

तिने मान हलवली. हात बाजू बदलतो. हसणं दोन्हीकडून सारखंच. ही एक गोष्ट मागून पाहूनही तिला बरोबर दिसली होती, आणि नेमकं तिकडेच तिचं लक्ष गेलं नव्हतं.

"लटारूले काय सांगू?" देवाजीने विचारलं. "आता तू म्हणशीन तसं. मी जबरदस्ती नाई करत."

"सोमवारी येऊ दे त्याले."

"पण वारलू जित्ता आहे."

"आहे. भाकर खाऊन राह्यला, हसून राह्यला. त्याचं इथी काही अडलं नाई." मग थोड्या वेळाने ती म्हणाली, "मीच चुकीचं बोलली होती. जित्ता का मेला, ते विचारायचंच नवतं."

तिने धोतराला हळद लागल्याचं देवाजीला सांगितलं. निघणार नाही म्हणाली. राहू दे, तो म्हणाला.

रविवारी तंबूचा शेवटचा खेळ होता. मनकर्णा नेहमीच्या जागी बसली. नायिकेने देवळाला उलटी प्रदक्षिणा घातली तेव्हा शेजारच्या बाईने तिला कोपराने ढोसलं, बघ, पुन्हा तेच. मनकर्णा म्हणाली, हो. खेळ संपल्यावर बायका चुका ऐकायला जमल्या, तेव्हा तिने एकच सांगितली, नायिकेच्या घागरीत पाणी नव्हतं.

सोमवारी लटारू दोन माणसं घेऊन आला. पाट लागण्याआधी पाहुण्यांना जेवायला वाढायचं काम भागीरथाने मुद्दाम तिच्याकडे दिलं. लटारू खाली मान घालून जेवत होता. त्याला मिशा होत्या, एका बाजूने थोड्या पांढऱ्या. मनकर्णा त्याच्या समोर उभी राहिली, मध्ये काही नव्हतं. तिने पाहिलं. घास त्याच्या उजव्या हातात होता.

तिने त्याच्या ताटात आणखी थोडा भात वाढला.