तीन त्स्वेताना आणि एक पाहुणा

आमच्या गावात माणसं उरलीत चार. त्यातल्या तिघींचं नाव त्स्वेताना. चौथा मी, मिंचो.

पहिली मास्तरीण त्स्वेताना. तिनं अर्ध्या तालुक्याला पाढे शिकवले आणि उरलेल्या अर्ध्याला कान धरून उभं केलं. दुसरी ट्रॅक्टरवाली. जिल्ह्यात ट्रॅक्टर चालवणारी पहिली बाई म्हणून तिचा फोटो पेपरात आला होता, हे ती अजून दर आठवड्याला सांगते. तिसरीचा फोटो कुठंच आला नाही. पण ती हसली की माझा दिवस बरा जातो.

त्स्वेताना म्हणजे फूल, म्हणून ईस्टरच्या आधीचा फुलांचा रविवार हा या नावाचा सण. नावाच्या सणाला आमच्यात आमंत्रण देत नाहीत. जिचा सण तिनं मासा भाजायचा, दार उघडं ठेवायचं आणि घरातून हलायचं नाही. लोक आपणहून येतात.

शुक्रवारी तिसरी त्स्वेताना कुंपणापाशी येऊन म्हणाली, "मिंचो, रविवारी मुलगा न्यायला येतोय. गेल्या सणाला तू एकटाच आलास. यंदाही टेबल रिकामं राहिलं तर मी कुलूप लावून जाते बघ शहरात."

"आणि भरलं तर?"

"कोण भरणार? तू पाच जणांचं खाणारेस?"

मी खाल्लं असतं. पण त्यानं खुर्च्या भरत नाहीत.

रविवारी सकाळी मास्तरणीकडे गेलो. म्हटलं, "चल तिच्याकडे."

"कशी येऊ? मागाहून कोणी आलं आणि दार बंद दिसलं तर?"

"अगं, कोण येणार? गावात पाहुणा मी एकटा, आणि मी तुझ्यासमोर उभा आहे!"

"तरी पण."

ट्रॅक्टरवाली तर फणकारलीच. "त्या दोघींनी यावं की! मी थोरली."

"त्यांचाही आज सणच आहे."

"मग बसू देत."

माझं डोकं फिरलं. घरून खुर्ची आणली, तिघींच्या दारांसमोर भर रस्त्यात ठेवली आणि ओरडलो, "पाहुणा इथं बसलाय! कोणाच्याही घरात येणार नाही. जेवू घालायचं असेल तर टेबल बाहेर आणा. आपापलं दार इथून दिसतंच आहे!"

अर्धा तास उन्हात मान भाजून घेतली. मग ट्रॅक्टरवालीचं टेबल खरडत बाहेर आलं. "माझा मासा आधी खायचा हं!"

"माझ्या माशात अक्रोड भरलेत," मास्तरीण पाठोपाठ आली. "तिच्यात नुसते काटे."

तिसरी शेवटी आली. एप्रनच्या टोकानं डोळे पुसत होती. "भट्टीचा धूर," म्हणाली.

दुपारी तिच्या मुलाची गाडी टेबलांपुढे अडली. त्यानं हॉर्न वाजवला.

"हॉर्न काय वाजवतोस?" मास्तरीण गरजली. "उतर आणि हात धुऊन ये!"

तो मुकाट्यानं उतरला, मागून त्याची बायको. आता ताटं कमी पडली. तिसरी आत गेली आणि प्रवासासाठी बांधलेलं खोकं घेऊन आली. चिकटपट्टी फाडून तिनं चांगली ताटं बाहेर काढली.

"आई, हे गाडीत ठेवायचं होतं ना? आता परत कधी बांधणार?"

"परत नाही बांधायचं," ती म्हणाली आणि हसली.

मी मान खाली घालून खात राहिलो. ताटातलं काही दिसत नव्हतं.

"मिंचो," ट्रॅक्टरवाली म्हणाली, "रड नंतर. आधी काटे बघ."