डावी बाजू

उजवीकडून

पायरीवर पाय ठेवण्याआधी इंदूबाईंनी चप्पल काढली.

“राहू दे वं आई. विहार नाही हे,” माया म्हणाली.

तळव्याला तापलेलं लोखंड लागलं तशी त्यांनी चप्पल पुन्हा चढवली आणि दोन्ही दांड्या धरून इंजिनाच्या कॅबमध्ये गेल्या. मागून आधार द्यायला मायाचा हात पुढे झाला खरा, पण तिचं लक्ष आईकडे नव्हतं. ती इंजिनाच्या पुढच्या भागाकडे पाहत होती. तिथे काहीच नव्हतं.

परवा इंजिनाचा नंबर रंगवून तिने रंगाचा डबा बंद केला, तेव्हा कॅबच्या पुढे नाक होतं. छोट्या, नॅरोगेज लाईनीच्या या डिझेलचं सगळं अंग म्हणजे ते नाक. ड्रायव्हरच्या कपाळाइतकं उंच, दोन बैलगाड्या एकापुढे एक उभ्या कराव्यात तेवढं लांब. आत मशीन, बाहेर पत्र्याची दारं. आता नुसती सपाट चौकट उरली होती आणि तिच्यावर दोन हिरवे बाक मांडले होते.

“मनोहरराव, नाक कुठी गेलं?”

मनोहरराव या उद्यानाचे सुपरवायझर. सावनेर रोडवर जुनी इंजिनं आणि डबे मांडून उद्यान व्हायचं होतं. बशीतला चहा फुंकत ते म्हणाले, “साहेबाची आयडिया. लेकरं वर चढतीन, फोटो काढतीन. मशीन तं तसंही भंगारातच चाललं होतं. नंबर राहिला ना? मंग इंजिन राहिलं.”

“अन् ते दुसरं, असंच इंजिन होतं ते?”

“ते पुरं कटलं. या जातीचं आता हे एकच. जपून ठेवलं पाह्यजे आपण.”

डावीकडून

लाईन चालू होती तेव्हा परतीच्या फेरीला इंजिन फिरवायची सोय नसायची. मग नाक पुढे, कॅब मागे. ड्रायव्हर उजव्या खिडकीत बसे आणि त्याला उजवीकडचंच दिसे. डावीकडचं डाव्या खिडकीतल्या असिस्टंटने पाहायचं, ओरडून सांगायचं: “डावी साफ.” ड्रायव्हरने तेच परत ओरडायचं: “डावी साफ.” स्वतः न पाहिलेलं पाहिल्यासारखं म्हणायचं, अशी रीत होती.

इंदूबाईंची वस्ती कोराडीच्या अलीकडे, लाईनीला लागून. तिथे गाडी हळू होई आणि त्यांच्या नवऱ्याच्या, धोंडबा ड्रायव्हरच्या, हाती घरचा जेवणाचा डबा जाई. नेहमी उजवीकडून. त्या दिवशी उजवीकडे कोणीतरी खडीचा ढीग टाकून ठेवला होता. त्यांचा बारावीतला मुलगा संघपाल डबा घेऊन डावीकडे गेला. असिस्टंट मागे वळून गार्डाची झेंडी पाहत होता. तोंडातून सवयीने निघून गेलं, “डावी साफ.”

धोंडबांनी तेच परत म्हटलं. आपल्या पोराबद्दल.

संघपाल इंजिनाखाली गेल्यावर जन्मभर ते त्याबद्दल एकच वाक्य बोलले: “मले दिसलाच नाही.”

संघपालच्या हातात डबा कोणी दिला होता, हे घरात कोणी बोलत नसे.

उजवीकडून

घरात भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली संघपालचा फोटो आहे. गेल्या थंडीत धोंडबा गेले. त्यांचा फोटो मायाने फ्रेम करून आणला, तो अजून कपाटावर पालथा पडलेला.

“ज्याले पोरगं दिसलं नाही, त्याले आपण काहून पाहायचं?” इंदूबाई म्हणाल्या होत्या.

उद्यानात रंगाचं काम मिळालं तेव्हा माया पहिल्यांदा ड्रायव्हरच्या खुर्चीत बसली. डावीकडे पाहिलं. लोखंड. नाकावरून दिसावं म्हणून मान लांबवली, अर्धी उठली. लोखंडच. घरी जाऊन तिने आईच्या मागे लकडा लावला, एकदा बसून पाह्य. शेवटी आई म्हणाली, “बसीन. नाही दिसलं तं लाव फोटो. दिसलं तं तो फोटो मले घरात नको.”

आणि आज आई आली होती. नऊवारी बदलून, पाचवारी धुतलेली नेसून.

“आई, आज राहू दे. त्याइनं मधलं काढून टाकलं,” माया खालून म्हणाली.

“आता चढली ना मी.”

इंदूबाई ड्रायव्हरच्या खुर्चीत टेकल्या. रेक्झिनच्या फाटक्या कडेवरून बोट फिरवलं. डोक्याशी हॉर्नची दांडी होती, तिला हात लावला.

“ओढू नको. हवा नाही त्यात.”

त्यांनी हात खाली घेतला आणि डावीकडे पाहिलं. काच, काचेपलीकडे हिरवे बाक, बाकांपलीकडे कडुनिंब. कडुनिंबाखाली एक बकरी बांधलेली.

“दिसते तं सगळं.”

“आई, मधे पत्रा होता वं. तुह्या डोक्याएवढा उंच.”

“बकरी दिसून राहिली. तिचे कान दिसून राहिले.” आवाज चढला नव्हता. “अन् त्याले आपलं पोरगं दिसलं नाही.”

“आई—”

“तू बापाचीच. चाल घरी.”

“एक मिनिट. उठू नको. तुले बाबाची नाही, दादाची आण.”

इंदूबाई उठल्या नाहीत.

डावीकडून

कुंपणापाशी नाकाची दारं एकावर एक रचून ठेवली होती. त्यांच्यावर भंगारवाल्याची खडूची फुली. पलीकडे लोखंड कापणारा रामाजी, गॅसकटर बंद करून, गमछ्याने मान पुसत होता.

“रामाजी भाऊ, यातली दोन दारं वर धर गा जराशी.”

“तोलाई झाली त्याची. काहून?”

“माह्या आईले दाखवाचं हाय.”

“काय दाखवाचं?”

“काहीच नाही.”

“काहीच नाही दाखवाले एवढं वजन!” रामाजी हसला. मग मायाच्या तोंडाकडे पाहून त्याने एक टोक उचललं.

दोघांनी दारं चौकटीवर चढवली, बाक सरकवले, कॅबच्या काचेसमोर ती उभी केली. रामाजीने त्यांना खांदा लावला.

“काहून अंधार केला?” आतून इंदूबाईंचा आवाज आला.

माया खाली उतरली. डावीकडून चालत चौकटीच्या टोकापाशी गेली. इथेच तो उभा असणार. तिने मोकळा हात वर केला, डबा धरावा तसा. इथून तिलाही काच दिसेना. समोर दारांवर तिनेच रंगवलेला पिवळा पट्टा होता, बस.

बकरी रवंथ करत होती.

“माया?”

मायाने हात तसाच वर ठेवला.

“माया, कुठी गेली वं?”

रामाजीने भुवया उडवल्या, बोल ना. त्याच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. मायाने नकारार्थी मान हलवली. वर केलेला हात आता दुखत होता.

आत खुर्ची करकरली. चपलेचा आवाज झाला, थांबला.

मग खट. कोरडा, लोखंडाचा आवाज.

पुन्हा खट.

हवा नाही, हे त्यांना सांगितलेलं होतं. तरी इंदूबाई हॉर्नची दांडी ओढत होत्या.