आधी अंगदनं बोलायचं

दर महिन्याच्या दहा तारखेला मी एटीएमसमोर उभा राहिलो की मागच्या रांगेतले लोक शिव्या घालतात. घालणारच. एक माणूस एकामागून एक पंधरा कार्डं घालत बसला, तर कोण गप्प राहील? एकदा एक म्हातारा म्हणाला, "बँकच घिऊन जा की घरी." मी हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्यातली चौदा कार्डं बायकांची. नांदेडातल्या एका खासगी दवाखान्यात त्या झाडू-पोछा करतात आणि मी त्यांचा सुपरवायझर. आमचा ठेकेदार अमरनाथभाऊ. प्रत्येकीच्या खात्यावर तेरा हजार जमा होतात, अगदी कायद्यानं. मग मी ते काढतो, सहा हजार भाऊंसाठी बाजूला ठेवतो आणि उरलेले सात पाकिटात घालून बाईच्या हातावर ठेवतो. कार्डं कायम माझ्या पिशवीत. पिनही मीच ठरवलेला, गोंधळ नको म्हणून सगळ्यांना एकच.

पंधरावं कार्ड माझं. माझ्यातून चारच हजार जातात, कारण मी बी.एस्सी. आहे. पाच वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या, पोलीस भरतीत दोनदा धावलो, शेवटी इथं येऊन टेकलो. आमच्या गावाकडच्या नायगाव तालुक्यात स्वतःच्या हातानं स्वतःचा पगार कापणारा मी एकटाच असेन. हे बायकांना ठाऊक नव्हतं. मंजुळामावशीनं एकदा विचारलं होतं, "तुझं बी कापतंय का रे?" मी म्हणालो, "छे, मी सुपरवायझर हाय." गावाकडे आमचे वडीलही हेच सांगत फिरतात, पोरगं दवाखान्यात साहेब आहे म्हणून. त्यांच्या तोंडी मी साहेब.

तर झालं असं, की कुणीतरी कामगार कार्यालयाला निनावी पत्र टाकलं. मला अक्षर न बघताही कळलं. आमच्यात असं पत्र लिहू शकणारी एकच, अयोध्या. ती डी.एड. झालेली. शिक्षकभरतीची वाट बघत बघत ती आमच्याकडे फरशी पुसायला आली. फरशी पुसतानाही तिची ओळ सरळ असते. मला ती 'अंगद सर' म्हणायची.

मंगळवारी अधिकारी येणार असं कळलं आणि सोमवारी दुपारी बायकांनी मला जिन्याखाली बोलावलं. डबे उघडे होते, पण जेवत कुणीच नव्हतं. मंजुळामावशी हिमायतनगरकडची, वयानं सगळ्यांत मोठी. बोलणं तिनंच सुरू केलं.

"हे बघ अंगद, आम्ही अडाणी. आम्हाला ते कायदं न्हाई कळत. आधी तू बोलायचं. तू सात म्हणलास तर आम्ही सात म्हणू. तू तेरा म्हणलास तर आम्ही बी तेरा."

"मावशी, खरं सांगितलं तर भाऊ सगळ्यांना काढून टाकतील," मी म्हणालो.

"न्हाई काढता येत," अयोध्या म्हणाली. "मी वाचलंय. चौकशी चालू असताना काढता येत न्हाई. आन मागचा फरक बी मिळतो सर. तीन वर्षांचा."

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. तीन वर्षांचा फरक म्हणजे मंजुळामावशीच्या नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन. तीन वर्षं ती दवाखान्याची फरशी पुसत होती आणि त्याच दवाखान्यात नवऱ्याला दाखवायची तिची ऐपत नव्हती. मी म्हणालो, "बघू." 'बघू' म्हणणारा माणूस काय करतो हे बायकांना कळायला हवं होतं. पण त्यांना वाटलं, अंगद हो म्हणाला.

संध्याकाळी अमरनाथभाऊंनी बोलावलं. ते रागावले नाहीत. चहा दिला. "अंगद, विष्णुपुरीच्या कॉलेजचं काम मिळून राहिलंय आपल्याला. चाळीस माणसं. तिथं पक्का सुपरवायझर तूच. अठरा हजार, आन कापणं न्हाई काई. उद्याचं तेवढं निस्तर." चहा गोड होता. मी सगळा प्यालो.

मंगळवारी कामगार कार्यालयातल्या बाई आल्या. मला वाटलं होतं, सही घेतील आणि जातील. पण या बाई निराळ्या निघाल्या. त्यांनी भाऊंना खोलीबाहेर जायला सांगितलं, दार लावलं आणि बायकांना म्हणाल्या, "घाबरू नका. खरं सांगा. तुमचा पैसा मिळवून द्यायची जबाबदारी माझी." आता एवढं कुणी तोंडानं सांगितल्यावर माणसानं आणखी काय मागायचं?

मग त्यांनी यादी उघडली आणि पहिलंच नाव वाचलं, "अंगद अमृतराव पवळे. सफाई कामगार."

चौदा माना माझ्याकडे वळल्या. कागदावर मी सफाई कामगारच होतो. खोटं सांगायचं नाही, त्या क्षणी मला बायकांच्या पैशांपेक्षा माझीच अब्रू मोठी वाटली.

"पगार किती मिळतो?"

मांडीवर माझी पिशवी होती आणि पिशवीत रबर लावलेली पंधरा कार्डं. मला अयोध्या दिसत होती. ती मान हलवत होती, अगदी हळू, पोराला पाढा आठवून देतात तशी. मला विष्णुपुरी दिसत होती. मी म्हणालो, "तेरा हजार."

"हातात?"

"हाव. हातात."

"एटीएम कार्ड कुणाकडं असतं?"

"ज्याचं त्याच्याकडं."

"दाखवा बरं तुमचं."

चोराच्या मनात चांदणं, माझा हात पिशवीवर घट्ट बसला. एक कार्ड काढायला गेलो असतो तर पंधराही बाहेर आली असती. तेवढ्यात मंजुळामावशी बोलली, "कार्ड कोण आणतंय बाई कामावर? हितं चोऱ्या लई होतात. घरी हायती समद्यांची."

तिनंच मला वाचवलं. मग बाई एकेकीला विचारत गेल्या. मंजुळामावशी, तेरा हजार. गुणाबाई, तेरा हजार. सिंधु, तेरा हजार. आयुष्यात कधी हातात न पडलेला आकडा त्या बायका अशा सरळ म्हणत होत्या की ऐकणाऱ्याला त्यांचा हेवा वाटावा. शेवटी अयोध्या. तिनं आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "अंगद सर म्हणले तेवढाच."

बाईंनी आमच्याकडे एकदा नीट बघितलं. त्यांना कळलं होतं. पण कळून काय उपयोग, जबाबाखाली पंधरा सह्या होत्या आणि पहिली माझी.

दुपारी मी जिन्याखाली जाणार नव्हतो. मंजुळामावशीनंच हाक मारली. वाटलं, आता शिव्या बसतील, आणि खरं सांगतो, बसल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं मला शेजारी बसवलं. अर्धी भाकर मोडून दिली, वर ठेचा.

"तुझं बी कापतंय न्हवं? सांगितलं न्हाईस कधी. आम्ही तुला उगंच साहेब समजून राहिलो," ती म्हणाली. मग बाकीच्यांकडे वळून म्हणाली, "पोरानं इचार केला गं. खरं बोलला असता तर ठेकाच गेला असता, आपण समद्या रस्त्यावर. आपल्यापायी खोटं बोललं लेकरू. त्याच्या जिवाला किती लागलं असंल."

गुणाबाईनं पदरानं डोळे पुसले. आता सांगायची वेळ होती. विष्णुपुरीचं, अठरा हजारांचं, कालच्या चहाचं. नुसती जीभ उचलायची होती. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"हाव मावशी," मी म्हणालो. "तुमच्यासाठीच."

अयोध्यानं डब्याचं झाकण लावलं आणि बादली उचलून वॉर्डाकडे निघून गेली. मावशीनं मला उरलेली अर्धी भाकरही वाढली. मी ती सगळी खाल्ली.