वर आलेली जमीन

गंजलेला, टोकाशी वळलेला लोखंडी आकडा — डाव्या खिडकीजवळच्या भिंतीतला, तोच तो — आता तिच्या गुडघ्याच्या उंचीवर होता, आणि खांद्यावरची पिशवी खाली न ठेवता ज्युरेमा त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणी या आकड्याला तिचा हात पुरायचा नाही; वडील कमरेला धरून उचलायचे, मग ती झोपायच्या झोळीची दोरी त्यात अडकवायची, आणि अडकवून झाली की मुद्दामच म्हणायची, नीट नाही बसली, पुन्हा उचला... आकडा जागचा हलला नव्हता. जमीन वर आली होती. दर पुराला येते. नदी चढू लागली की घरातल्या फळ्या उपसायच्या, खाली ठोकळे द्यायचे, हातभर वर जमीन करायची, पाणी आणखी चढलं की पुन्हा हातभर. आणि जमीन उचलली की झोळ्यांचे आकडेही उपटून वर ठोकायचे, नाही तर माणूस झोपणार कसा, पाठ फळ्यांवर घासत? समोरच्या भिंतीत आकडे वर ठोकलेले होते. ते आईचे. लाकडावरचे हातोडीचे घाव अजून पांढरे होते. आणि हे — माझे — तसेच राहिले होते खाली.

“वाक, वाक,” आई चुलीपासून म्हणाली. “इथं ताठ मानेनं कुणाचं चालत नाही.”

वाकायला तिला उशीर झाला होता. दार अर्ध्यावर पाण्यात गेलं की आनिंगाल गावात सगळेच खिडकीतून घरात येतात. होडीवाल्यानं होडी भिंतीला लावली, तिनं चौकटीवरून पाय आत टाकला, “आशीर्वाद दे, आई,” म्हणाली, आणि “देव तुझं भलं करो” हे ऐकता ऐकताच डोकं छपराच्या वाशावर आपटलं. आई हसली. आई मात्र सरळ उभी होती. छप्पर एवढं खाली — म्हणजे जमीन एवढी वर — आणि तरी त्या फटीत आई, गावाची दोना ओतिलिया, जिच्या आवाजाला बोटीचा अख्खा धक्का दबकून असायचा, ती आरामात सरळ उभी होती, वर चार बोटं जागा ठेवून. माणूस किती आटलंय हे फोनवर कुठं कळतं? फोनवर आवाज तेवढाच असतो.

“एवढीच पिशवी आणलीस?” आईनं विचारलं.

“एवढीच.”

“बरं केलंस. ओझं हवंय कशाला?”

त्या पिशवीत ज्युरेमाचं सगळं होतं. हे सांगायचं होतं. सांगायचंच होतं, त्यासाठीच ती आली होती — मनाउस शहरातून निघालेल्या बोटीवर, झोळ्यांच्या गर्दीत, कुणाच्या तरी तान्ह्याचा पाय तोंडावर घेत ती वाक्य जुळवत आली होती. आई, मी इथंच राहायला आलेय. साधं वाक्य. त्याच्यामागे पुढचं आपोआप येईल असं तिला वाटलं होतं: की माझा नवरा एदमिल्सन गेला हे तुला ठाऊक आहे, पण घर त्याच्या नावावर नव्हतं, त्याच्या बहिणीच्या नावावर होतं, की प्रार्थनासभेची फुलं सुकली नव्हती तेव्हा ती बाई कुलूप घेऊन आली, रडत रडत आली, मिठी मारली आणि कुलूप लावलं, की तेव्हापासून मी बेकरीच्या मागच्या खोलीत पिठाच्या पोत्यांशेजारी झोपते, आणि मालकानं आता ती खोलीही मागितलीय. फोनवर तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. आई फोन घ्यायला चर्चच्या पायऱ्यांवर जाऊन उभी राहायची, तिथंच काय ती रेंज, आणि आजूबाजूला निम्मं गाव. तिथं उभ्या असलेल्या बाईला असलं काही ऐकवायचं नाही. “बरं चाललंय, आई.” “घर?” “घर काय, आहे तसंच आहे.” ते खरंच होतं म्हणा. घर आहे तसंच आहे, आत दुसरं कुणी राहतं एवढंच.

आई स्वयंपाकघरातल्या फटीशी बसली. दोन फळ्यांमध्ये मुद्दाम ठेवलेली फट. तिच्यातून तिनं गळ सोडला आणि दोरी पायाच्या अंगठ्याला गुंडाळून भाजी चिरायला घेतली. खाली तपकिरी पाणी फळ्यांना चाटत होतं. ज्युरेमाला तो आवाज विसरायला झाला होता... नाही, विसरायला झाला नव्हता, बेकरीत रात्री पीठ मळायचं यंत्र बंद झालं की कानात तोच सुरू व्हायचा.

“आई.”

“हं.”

“तुझं एकटीचं... कसं काय...”

“थांब, ओढतोय.” आईनं दोरी झटकली. “गेला. तुझ्या आवाजाला घाबरला. शहरात राहून तुम्ही सगळे ओरडायला शिकता.”

मी हळू बोलले होते. पण ते जाऊ दे. आता ज्युरेमा फळीवरचे डबे, भांडी मोजत चालली होती: ताट एक. पेला एक. खिडकीबाहेर कोंबड्यांचा तराफा रिकामाच डुलत होता, त्यावर एक पीस चिकटलेलं. कोपऱ्यातला देव्हारा मोकळा, सेंट ॲंटनीची मूर्ती तिथं नाही. हे घर एका माणसापुरतं उरलं होतं, आणि त्या एका माणसानं मोजून-मापून स्वतःपुरतेच आकडे वर ठोकून घेतले होते. मुलगी येणार हे तिला माहीत होतं. मुलीची झोळी कुठं टांगायची हे तिनं ठरवलंच नव्हतं — पाहुणी येईल, कशीबशी रात्र काढेल, सकाळच्या बोटीनं जाईल. बरोबरच आहे. कोणत्या तोंडानं तक्रार करू? वडील गेल्यावर सातव्या दिवसाच्या चर्चमधल्या प्रार्थनेला आले होते, तेव्हा हीच ज्युरेमा “इथं माणसं राहतात कशी” म्हणाली होती, पायातले बूट हातात धरून. ते आईनं ऐकलं होतं. आईनं काय ऐकलं नाही आजवर?

दुपारी मासा लागला. आईनं तो काट्यांसकट बारीक चिरे देऊन तळला, कसाव्याच्या कंदाचं भाजलेलं पीठ वर भुरभुरलं, आणि एकाच ताटात दोघी जेवल्या. आई मऊ तुकडे तिच्या बाजूला सारत होती. आता बोलावं. तोंडातला घास गिळला की बोलावं. पण आई म्हणाली, “हाडकलीस किती. बेकरीत काम करतेस की उपास?” आणि ज्युरेमा हसली, आणि हसताना तो क्षण निसटला, गळाचा मासा निसटावा तसा, आणि तिला एवढा थकवा आला की वाटलं, इथंच फळ्यांवर आडवं व्हावं, काही विचारू नये, काही मागू नये. आई नाही म्हणणार नाही, हीच खरी भीती होती. आई म्हणेल, राहा. आणि मग त्या वाकलेल्या छपराखाली एका ताटात दोघींचं वय सरत जाईल, पाणी येईल, जाईल, तरी तेवढंही मला हवं होतं. तेवढंच हवं होतं.

ऊन तिरपं झालं तेव्हा खिडकीशी होडी थडकली. तिबुर्सियोकाका. गावातल्या निम्म्या घरांच्या जमिनी याच माणसानं उचललेल्या. सुताराचे हात, आणि जीभ त्याहून धारदार.

“काय गं मनाउसकरीण,” तो चौकटीवर कोपर टेकून म्हणाला. “आमच्यासाठी पाव आणलास की नुसता पिठाचा वास?”

“नुसता वास, काका.”

“मग तो तरी दे.” आत हात घालून त्यानं जमिनीच्या फळीवर बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिलं, कान लावून, मग पुढची फळी. “ही भरीव आहे. ही पण. ती चुलीकडची कुजलीय, ती राहू दे पाण्याला. बाकीच्या पूर ओसरला की नेतो मी.”

“कुठं नेता?” ज्युरेमानं विचारलं.

काकानं आईकडे पाहिलं. आई भांडं घासत होती, घासलेलंच भांडं.

“अजून सांगितलं नाहीस होय?” तो म्हणाला. “मला वाटलं एव्हाना गाठोडं बांधून बसली असशील. बायको सांगत होती, सकाळी बोटीवर पोचवायला जायचं म्हणून.”

“तिबुर्सियो,” आई म्हणाली, “तुझ्या तोंडाला एखादी फळी ठोक. जा आता.”

“जातो. कोंबड्या मजेत आहेत तुझ्या. तो तांबडा कोंबडा मात्र तुझ्यासारखाच, कुणाचं ऐकत नाही.” होडी ढकलताना तो हसत होता, पण डोळे हसत नव्हते त्याचे, आणि बराच पुढे गेल्यावरही त्यानं मागं वळून पाहिलं.

आई हात पुसत आली आणि फळ्यांवर बसली. पाय फटीतून खाली सोडले, पाण्यात, घोट्यापर्यंत. बोलताना तिनं ज्युरेमाकडे पाहिलं नाही.

“तुझ्याकडं मी कधी काही मागितलंय?”

“नाही, आई.”

“नाही ना. तेच म्हणते. सवय नाही, म्हणून सकाळपासून जमेना. या पुराला मी पाण्यात पडले. तिबुर्सियो म्हणत होता येतो म्हणून, पण मी एकटीच फळी बसवायला गेले, पाय गेला, डोक्यावरून पाणी. होडीची दोरी हाताला लागली म्हणून वाचले. कुणाला बोलले नाही मी. दोरी धरून बसले होते तशीच, आणि ओरडायचं कुणाला तेच सुचेना बघ... मग म्हटलं, पुरे. तू तिकडं एकटी, मी इकडं एकटी. नवरा होता तोवर गोष्ट वेगळी, जावयाच्या घरात मी पाय ठेवला नसता. पण आता एवढं घर, तू एकटी काय करतेस त्यात? म्हणून तुझे आकडे काढलेच नाहीत वर, म्हटलं कशाला, एका रात्रीचा प्रश्न, माझ्याच झोळीत दोघी मावू, लहानपणी मावायचोच. पुढच्या पुराला ही जमीन उचलणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. झालं. मागितलं.”

सेंट ॲंटनी कापडात गुंडाळून गाठोड्यात होता. ताटं, पेले, सगळं शेजारी वाटून झालं होतं. हे आता ज्युरेमाला एकदम दिसलं, आणि दिसल्यावर वाटलं की सकाळपासून दिसतच होतं, फक्त मी माझ्याच दुःखात नाक खुपसून बसले होते. सांग आता. आत्ता सांग, अजून कोंबड्या परत आणता येतील, काका हसेल, फळ्या राहतील... पण राहून काय? पुढच्या पुराला फळ्या कोण उचलणार? मी? मला खिळा सरळ ठोकता येत नाही. आई दोरीला धरून पाण्यात बसली होती आणि ओरडायला तिला माझं नाव सुचलं नाही.

तिनं तोंड उघडलं.

“स्वयंपाकघराला खिडकी आहे ना?” आईनं आधीच विचारलं. “तू म्हणाली होतीस.”

“आहे,” ज्युरेमा म्हणाली. “दोन आहेत.”

एकच होती. ही दुसरी कुठून आली तिला कळेना, पण आवाज स्वतःचाच होता, स्थिर, चर्चच्या पायऱ्यांवरच्या फोनमधून यायचा तसा.

“आणि खाली?”

“सिमेंट. गुळगुळीत. सकाळी पाय ठेवला की गार लागतं.”

“मग चप्पल घालेन,” आई म्हणाली, आणि पाण्यातले पाय हलवू लागली. तिचा चेहरा सैल पडला होता. एवढ्या वर्षांत ज्युरेमानं तो असा पाहिला नव्हता. “सांग की अजून.”

आणि ती सांगू लागली. परसात आंब्याचं झाड आहे, होतं ते, खरंच होतं. झाडाखाली बाक, तो नव्हता, पण तिथं शोभला असता. रस्त्यापलीकडे चर्च, घंटा ऐकू येते. तुझ्या देवाला उगवतीचा कोपरा. तुझी झोळी पुढच्या खोलीत, तिथं वारा येतो, आणि दारातून येणारे-जाणारे दिसतात, तुला माणसं लागतात ना बघायला... सांगता सांगता भीती उरली नव्हती. दुसरंही काही उरलं नव्हतं. उद्या बोट धक्क्याला लागेल, ही म्हातारी गाठोडं घेऊन माझ्यामागून उतरेल आणि विचारेल, कुठल्या बाजूला? — हे तिला स्वच्छ दिसत होतं, आणि त्याच्यापुढं काहीच दिसत नव्हतं, आणि तरी ती त्या घरात एक एक वस्तू जागच्या जागी मांडत चालली होती, कुठं घाई नाही, कुठं चूक नाही. बाहेर डास उठू लागले होते. आई मान डोलवत ऐकत होती, मध्येच “हं”, मध्येच “बरं”.

“आणि तू?” आईनं विचारलं. “तू कुठं झोपतेस?”

ज्युरेमा मनातल्या मनात त्या घरात शिरली. पुढच्या खोलीत आईची झोळी होती, कोपऱ्यात आईचा देव होता, मागच्या खोलीत नणंदेचं सामान होतं. स्वतःची झोळी शोधत ती पुन्हा एकदा सगळीकडून फिरून आली. आई वाट बघत होती.